बसचे घर करताना उंची किती ठेवावी?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. आपण एका शाळेने वापरून विकलेली ३२ आसनांची बस घेतली असून तिचे प्रवासी घर करणार आहात. जमिनीपासून छपराच्या माथ्यापर्यंत तिची उंची आज २.९५ मीटर आहे. आपली स्वतःची उंची सहा फूट असल्यामुळे आत ताठ उभे राहणे अवघड जाते. म्हणून छप्पर दीड फूट वर उचलावे, मागच्या भागात मुलांना झोपण्यासाठी माळा करावा आणि छपरावर एसी, चार सौर पॅनेल व सामानाचे कॅरिअर बसवावे, असा बेत आहे. एकूण उंची ३.७२ मीटर होते, नियमाची मर्यादा ३.८ मीटर आहे, मग गॅरेजवाला ‘जरा विचार करा’ असे का म्हणतो, हे आपल्याला उमगलेले नाही. कोकण आणि गोवा करून पुढे हिमाचलापर्यंत जाण्याचा मनसुबाही आपण कळवला आहे.

गॅरेजवाला योग्य बोलत आहे. माझे उत्तर आधीच सांगतो आणि मग त्याची कारणे मांडतो. आपल्या बसची उंची, सर्वांत वर आलेल्या वस्तूच्या टोकापर्यंत मोजून, ३.२५ मीटरच्या आसपास ठेवावी. पुढे-मागे काही अडचण आली तरी ३.४ मीटर, म्हणजे सुमारे ११ फूट २ इंच, ही रेषा ओलांडू नये. छप्पर उचलायचेच असेल तर २० सें.मी. उचलावे, ४५ सें.मी. उचलू नये. माळ्याचा विचार सोडून द्यावा, एसी छपरावरून खाली आणावा आणि कॅरिअर मुळीच बसवू नये.

प्रथम नियमाचे पाहू, कारण तो भाग थोडक्यात आटोपतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ प्रमाणे दुमजली नसलेल्या बसची कमाल उंची ३.८ मीटर आहे आणि दुमजली बसला ४.७५ मीटरपर्यंत मुभा आहे. २०२० मध्ये मालवाहू ट्रकांची मर्यादा ४ मीटर करण्यात आली, तेव्हापासून ‘आता चार मीटर चालते’ असे अनेक जण ठामपणे सांगतात; ते बसला लागू नाही. याहून महत्त्वाची बाब अशी की ३.८ मीटर ही सर्व प्रकारच्या बसगाड्यांसाठी ठरवलेली बाहेरची मर्यादा आहे. त्या उंचीची मोठी आरामबस मुळातच रुंद चेसिसवर, लांब धुऱ्यांवर (अ‍ॅक्सलवर) आणि हवेच्या निलंबनावर (एअर सस्पेन्शनवर) उभी असते, तिच्या पोटात खाली सामानाचे जड कप्पे असतात आणि तिचा आराखडा त्या उंचीसाठीच तपासलेला असतो. आपली बस मध्यम आकाराची, अरुंद आणि पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर चालणारी आहे. नियम दोघींना एकच आकडा देतो. घाटातले वळण तसे करत नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे गुरुत्वमध्य. गाडी कलंडते ती उंच आहे म्हणून कलंडत नाही. तिच्या वजनाचा मध्यबिंदू चाकांच्या रुंदीच्या मानाने वर गेला म्हणून कलंडते. छप्पर पोकळ आणि हलके ठेवून ते एक फूट वर नेले तर फारसे बिघडत नाही, आणि छप्पर आहे तिथेच ठेवून त्यावर चारशे किलो रचले तर बरेच बिघडते. आपल्या बेतात या दोन्ही गोष्टी एकदम आहेत. याचा हिशेब मी बहुतेक ग्राहकांना कागदावर करून दाखवतो, तोच येथे देतो. यातील वजने अंदाजी आहेत. आपल्या गाडीची खरी वजने काट्यावर घ्यावी लागतील, परंतु प्रमाण लक्षात येण्यास एवढे पुरेसे आहे.

समजा, आसने काढून आतले साधे फर्निचर बसवल्यावर, कुटुंबासह, बसचे वजन ७००० किलो आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१५ मीटरवर आहे. आता आपला बेत त्यावर चढवू. खांब वाढवण्यासाठी लागणारे चौकोनी पाइप आणि पत्रा मिळून २५० किलो, सरासरी २.६ मीटर उंचीवर. मूळ छपराचे सुमारे ३५० किलो ४५ सें.मी. वर सरकले. एसी, पॅनेल, त्यांची चौकट, कॅरिअर आणि त्यावरचे सामान धरून ४०० किलो, सुमारे ३.५५ मीटरवर. माळा आणि गाद्या १०० किलो, २.६ मीटरवर. या सगळ्यांचा गुणाकार करून बेरीज केली आणि ७७५० किलो या नव्या वजनाने भागले की गुरुत्वमध्य १.३६ मीटरवर येतो. म्हणजे वजन शेकडा अकराने वाढले आणि गुरुत्वमध्य २१ सें.मी. वर गेला. वजनातली ही वाढ काट्याच्या पावतीवर दिसते. गुरुत्वमध्याची वाढ कुठल्याच पावतीवर दिसत नाही, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

याचा रस्त्यावरचा अर्थ असा. मागच्या दुहेरी चाकांचा विचार करून गाडीच्या पायाची परिणामकारक अर्धी रुंदी ९५ सें.मी. धरली, तर गाडी पूर्णपणे ताठ असती तर ती कलंडण्यासाठी लागणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या किती पट असावा, हे ०.९५ भागिले गुरुत्वमध्याची उंची या भागाकाराने कळते. मूळ बससाठी तो ०.८३ आणि आपल्या बेतातील बससाठी ०.७० येतो. पण बस ताठ नसते. पाटे दबतात, टायर चेपतात, बॉडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि गुरुत्वमध्य स्वतःच बाहेर सरकतो. व्यवहारात यातला साधारण दोन-तृतीयांश भागच हाती राहतो, असे मी धरून चालतो. त्यामुळे मूळ बसला सुमारे ०.५५ आणि उंच केलेल्या बसला सुमारे ०.४७ एवढाच आडवा जोर सोसतो.

हे आकडे कशाशी ताडून पाहायचे? बसची स्थिरता तपासताना गाडीला कलत्या मंचावर उभी करून मंच २८ अंशांपर्यंत तिरका करतात आणि तोवर ती कलंडता कामा नये, अशी कसोटी जगभर रूढ आहे. लंडनच्या दुमजली बसची चाचणी वरचा मजला प्रवाशांइतक्या वजनाने भरून याच कोनात होते. २८ अंशांचा तिरकेपणा म्हणजे वजनाच्या ०.५३ पट आडवा जोर. मूळ बस या कसोटीच्या किंचित वर आहे आणि आपल्या बेतातील बस खाली, सुमारे २५ अंशांवर. दुसरी तुलना घाटाची. १५ मीटर त्रिज्येचे यू-वळण ताशी २० किलोमीटरने घेतले तर आडवा जोर वजनाच्या ०.२१ पट असतो. ताशी ३० ने घेतले तर तो ०.४७ पट होतो, कारण जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे उतरताना वेग केवळ दहा किलोमीटरने चुकला की उंच केलेली बस नेमकी आपल्या मर्यादेवर येऊन उभी राहते, आणि त्याच क्षणी आतले चाक दगडावर चढले किंवा बाहेरचे खड्ड्यात गेले तर चालकाच्या कौशल्याला करण्यासारखे काही उरत नाही. मूळ बसमध्ये त्याच चुकीला थोडी जागा शिल्लक असते.

आता मी सुचवतो तो पर्याय याच हिशेबात घालून पाहू. छप्पर २० सें.मी. उचलले तर जादा पाइप-पत्रा १०० किलो. छपरावर फक्त हलक्या चौकटीतली पॅनेल, १०० किलो, ३.२ मीटरवर. एसीचा बाहेरचा भाग मागच्या बाजूला खाली, ६० किलो, एक मीटरवर. पाण्याची ३०० लिटरची टाकी चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांच्या मध्ये किंवा त्यांच्या बाजूला, पाऊण मीटरवर. बॅटऱ्या १०० किलो, त्याही तिथेच. सर्व मिळून वजन ७६६० किलो होते आणि गुरुत्वमध्य १.१८ मीटरवर राहतो. म्हणजे गाडी जवळपास तेवढीच जड झाली, मात्र गुरुत्वमध्य २१ सें.मी. न चढता फक्त ३ सें.मी. चढला. सोसणारा आडवा जोर सुमारे ०.५३ वर थांबतो. म्हणून उंची किती, या प्रश्नाआधी ‘जड वस्तू कुठे’ हा प्रश्न सोडवावा, असे मी सांगतो. पाण्याच्या टाकीत आडवे पडदे घालून घ्यावेत. अर्धी भरलेली मोकळी टाकी वळणावर आपले पाणी बाहेरच्या बाजूला फेकते आणि वरचा हिशेब चुकवते.

माळ्याविषयी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. गाडी उभी असताना मुले वर झोपली तर स्थिरतेला काही धोका नाही. परंतु रात्रीच्या प्रवासात ‘झोपली आहेत, कशाला उठवायचे’ असे म्हणून ती वरच राहतात, हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. चालत्या गाडीत प्रत्येकाने पट्टा लावून आसनावर बसावे, आणि ज्या रचनेत हा नियम मोडण्याचा मोह होतो ती रचनाच करू नये. मागे आडवा पलंग आणि त्याखाली कप्पा केला तर तेवढीच जागा मिळते आणि ते वजन खाली राहते.

वाऱ्याबद्दल लोकांना वाटते त्यापेक्षा भीती कमी आणि त्रास जास्त आहे. ताशी ६० किलोमीटरचा वारा बरोबर आडवा आला तर साडेसात मीटर लांबीच्या आपल्या बसच्या कुशीवर सुमारे ३८० किलोचा जोर पडतो. छप्पर दीड फूट वाढवल्यावर तो ४५० च्या घरात जातो. एवढ्याने उभी बस उलटत नाही, कारण तिला उलटवण्यास लागणाऱ्या जोराचा हा साधारण आठवा भाग आहे. मात्र चालत्या बसला तो एका बाजूला ढकलतो, आणि डोंगराच्या आडोशातून अचानक उघड्यावर आल्यावर किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्यावर स्टिअरिंगवर झटका जाणवतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथे एकदा रिकामी उंच गाडी चालवून पाहावी म्हणजे मी काय म्हणतो ते हातांना समजेल. हा वारा आणि वळण एकाच बाजूने आले तर मात्र वरचा ०.४७ चा आकडा आणखी घटतो.

आता डोक्यावरच्या अडथळ्यांकडे येतो. मोठ्या महामार्गांचे मला फारसे भय वाटत नाही. तेथील पुलांखाली साधारणपणे पाच ते साडेपाच मीटर मोकळी जागा सोडण्याची पद्धत आहे, आणि विजेच्या तारा रस्ता ओलांडतात तेथे कमी दाबाच्या तारेलाही ५.८ मीटर अंतर नियमाने लागते. अडचण आहे ती आपण ज्या रस्त्यांनी खरोखर हिंडणार आहात त्या रस्त्यांची. ब्रॉडगेजवरील मानवरहित रेल्वे फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली आणि त्यांतील पुष्कळ ठिकाणी मर्यादित उंचीचे भुयारी मार्ग आले. प्रत्येकाची उंची वेगळी असते. काही शहरांत अवजड वाहने रोखण्यासाठी पुलाच्या तोंडाशी लोखंडी आडव्या कमानी उभ्या केलेल्या असतात, त्यांच्यापुढे ३.२५ काय आणि ३.७२ काय, दोन्ही व्यर्थ, तेव्हा त्यांचा विचार येथे करत नाही. गोव्यात आणि तळकोकणात मुख्य रस्ता सोडला की आंबा-फणसाच्या फांद्या, घरोघरी गेलेल्या लोंबत्या केबल आणि दोन्ही बाजूंचे चिऱ्याचे गडगे, असे सारे एकत्र भेटते. केबल आणि घरच्या सर्व्हिस वायर कोणत्याच नियमाच्या उंचीवर नसतात.

भुयारी मार्गावर ‘३.८ मी.’ अशी पाटी असेल तर ३.७२ मीटरची बस जाईल, असे गणिताने वाटते. ती बहुधा जाणार नाही, आणि त्याची कारणे तीन आहेत. पाटी लावल्यानंतर रस्त्यावर डांबराचे थर चढतात. दोनदा पाच-पाच सें.मी.चा थर चढला की दहा सें.मी. गेले, पाटी मात्र तीच राहते. दुसरे, हे मार्ग बशीसारखे खोलगट असतात. पुढचे चाक चढाला लागलेले आणि मागचे अजून उतारावर, अशा वेळी गाडीचा मधला भाग रस्त्याच्या तळापासून अधिक वर राहतो; धुऱ्यांमधले अंतर ४.२ मीटर आणि खोलगटाची त्रिज्या ५० मीटर धरली तर हा फरक साडेचार सें.मी. येतो. तिसरे, आपण उंची मोजली तेव्हा गाडी भरलेली होती का? टाक्या रिकाम्या झाल्या आणि सामान उतरले की पाटे पाच सें.मी.पर्यंत सहज उठतात. तिन्हींची बेरीज केली तर जवळजवळ वीस सें.मी. होतात. म्हणून पाटीवरचा आकडा आपल्या बसपेक्षा किमान २० सें.मी.ने जास्त असेल तरच आत शिरावे, त्याहून कमी असेल तर एकाने उतरून काठीने मोजावे, असा दंडक मी घालून दिला आहे.

तो मी कसा शिकलो, हेही सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबासाठी केलेल्या बसच्या छपरावर एसीचा डबा बसवला आणि कागदावर छपराची उंची लिहून दिली, डब्याची लिहिली नाही. चूक सर्वस्वी माझी होती. मराठवाड्यातल्या एका गावाबाहेरच्या भुयारी मार्गात पुढचा भाग आरामात गेला, चालक निश्चिंत झाला आणि मागचा डबा तुळईला लागून मुळापासून उपटला गेला. कोणाला इजा झाली नाही, पण छपराला पडलेल्या त्या भगदाडातून पावसाळा आत आला. त्यानंतर मी पॅनेलच्या बोल्टपर्यंत सगळे मोजून मगच आकडा लिहितो. अशा चुका सगळीकडेच होतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वेपूल ट्रकांची छपरे सोलून काढण्यासाठी इतका प्रसिद्ध झाला की २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच करावा लागला. त्या देशात शाळेच्या जुन्या बसचे घर करण्याची आणि छप्पर उचलण्याची मोठी चाल आहे. तिथली चित्रे पाहून इथे बेत आखले जातात. तेथे बहुतेक राज्यांत उंचीची मर्यादा १३ फूट ६ इंच किंवा त्याहून अधिक आहे, आणि त्यांची मूळ बस आपल्या बसपेक्षा बरीच रुंद असते, हे त्या चित्रांत दिसत नाही.

उंचीइतकाच दुर्लक्षित भाग म्हणजे छपराचा डावा वरचा कोपरा. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, रस्ता पाणी जाण्यासाठी कडेकडे उतरता असतो आणि समोरून बस आली की डावे चाक साइडपट्टीवर उतरते. गाडी चार अंश जरी झुकली तरी ३.७२ मीटरवरचा कोपरा २६ सें.मी. बाहेर जातो. जुन्या राज्यमार्गांवरच्या वडांच्या फांद्या नेमक्या तिथेच भेटतात. किन्नौरमध्ये कडा पोखरून काढलेल्या रस्त्यांवर तर फांदीऐवजी खडक असतो. जुन्या बसच्या छपराला बाजूंनी गोलाई असते ती यासाठी फार उपयोगी पडते. छप्पर उचलताना आत कपाटे नीट बसावीत म्हणून बहुतेक लोक ही गोलाई काढून चौकोनी डबा करतात. कृपया तसे करू नये. गोलाई जशीच्या तशी वर न्यावी, आणि पॅनेल मधोमध ठेवून दोन्ही कडांपासून किमान ३० सें.मी. आत घ्यावीत.

आत उभे राहण्याच्या जागेचा हिशेब करू, कारण आपला मूळ प्रश्न तिथूनच निघाला. आपल्या बसचा तळ जमिनीपासून सुमारे एक मीटरवर आहे आणि छपराची जाडी सहा सें.मी. धरली तर आत १.८९ मीटर मिळतात. त्यात तळाला ३ सें.मी. प्लाय आणि वर ४ सें.मी. उष्णतारोधक थर घातला की १.८२ उरतात; आपण १.८३ मीटरचे. त्यामुळे अडचण खरी आहे. छप्पर २० सें.मी. उचलल्यावर २.०२ मीटर होतात, म्हणजे डोक्यावर वीतभर जागा राहते. छपराचा माथा ३.१५ मीटरवर येतो आणि पॅनेलसह ३.२५. आणखी २५ सें.मी. वाढवून आपल्याला राहण्याच्या दृष्टीने फक्त माळा मिळतो, आणि माळ्याविषयीचे मत वर दिलेच आहे. छप्पर अजिबात न उचलता फक्त स्वयंपाकाच्या जागेवर उघडझाप होणारी छत्री बसवणे हाही पर्याय आहे, मात्र कोकणच्या पावसात तिचे रबर दोन-तीन वर्षांत हार मानते.

बांधणीविषयी थोडे, पण हे थोडे टाळता येण्याजोगे नाही. बसचे दोन्ही बाजूंचे खांब, छपराची कमान आणि तळाची आडवी पट्टी मिळून एक बंद कडे बनते, आणि गाडी उलटलीच तर आतली माणसे ज्या पोकळीत वाचतात ती ही कडीच राखतात. खिडकीच्या पातळीवर खांब कापून मध्ये तुकडा ठेवून टोकाला टोक जोडले तर प्रत्येक कडे नेमके वाकण्याच्या जागी कमजोर होते. वेल्डिंग कितीही सफाईदार दिसले तरी त्याने भागत नाही. खांबाच्या आत बसणारा जाड पाइप वर-खाली किमान १५ सें.मी. घुसवून, त्याला भोके पाडून मधूनही वेल्ड करावे, प्रत्येक जोड एकाच उंचीवर न ठेवता थोडा पुढे-मागे घ्यावा आणि मोठ्या खिडक्या कमी करून त्या जागी तिरपे आधार द्यावेत. ज्या वेल्डरने फक्त ट्रकची फाळकी केली आहेत त्याला हे काम देऊ नये. पुण्यात भोसरीची सीआयआरटी आणि एआरएआय या संस्था बसबांधणीच्या तपासणीचे काम करतात; बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२, उलटल्यावरच्या बळकटीसाठी एआयएस-०३१ आणि मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ ही मानके आहेत. आपला बॉडी बांधणारा ही नावे ऐकून गोंधळला तर दुसरा शोधावा.

कागदपत्रांबाबत एवढेच की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि उंची व बॉडीचा प्रकार हे दोन्ही त्या तपशिलात येतात. म्हणून आरटीओची मंजुरी काम सुरू करण्याआधी, आराखड्यासह घ्यावी. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून ‘कॅरव्हॅन’ हा शब्द कार्यालयांत परका राहिलेला नाही, तरी छप्पर उचललेली जुनी शाळेची बस हा वेगळा विषय आहे आणि अधिकारी प्रश्न विचारतील. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. आपली बस खाजगी शाळेची होती हे बरे झाले; सरकारी किंवा महामंडळाची पंधरा वर्षांहून जुनी गाडी असती, तर १ एप्रिल २०२३ पासून तिची नोंदणी पुढे चालूच राहत नाही आणि लिलावात स्वस्त मिळालेली लाल बस अंगणातच घर होऊन बसते.

काम झाल्यावर उंची मोजण्याची रीत: सपाट सिमेंटच्या जागेवर गाडी उभी करावी, टायरमध्ये पूर्ण हवा भरावी, टाक्या रिकाम्या ठेवाव्यात. सर्वांत उंच वस्तूवर सरळ फळी आडवी ठेवून पाणसळीने समतल करावी आणि फळीच्या दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंत ओळंबा सोडून मोजावे. मोठा येईल तो आकडा घ्यावा आणि वर पाच सें.मी. मिळवून तो मीटरमध्ये आणि फुटांत, दोन्ही प्रकारे, चालकाच्या समोर डॅशबोर्डवर रंगाने लिहावा. चिकटवलेला कागद उन्हाने सहा महिन्यांत गळून पडतो. पुढे कधी पॅनेल बदलले किंवा एखादा पंखा वर बसवला, तर पुन्हा मोजावे.

पत्रा कापण्याआधी एक काम मात्र आजच करावे. गाडी काट्यावर नेऊन पुढच्या धुऱ्याचे, मागच्या धुऱ्याचे आणि जमल्यास एकेका बाजूच्या चाकांचे वजन वेगवेगळे घ्यावे. ते आकडे, मागच्या बाहेरच्या टायरांच्या मध्यरेषांमधील अंतर आणि पाट्यांची संख्या मला कळवली, तर वरचा अंदाजी हिशेब आपल्याच गाडीच्या आकड्यांनी पुन्हा करून देतो, २० सें.मी.चे १५ करावे लागतात की २५ चालतात, हे त्यावरून ठरेल.